डोमाजी कामदार आणि बोडीखालचं गवत

गवत चाटून पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही सरकारी नोकर होता. शेतकी खात्याचे कामदार डोमाजी. कामदार म्हणजे खात्यातली सगळ्यांत खालची पायरी. गावोगाव फिरायचं, शेतकऱ्यांना नवं बियाणं दाखवायचं, खत कसं कुजवायचं ते सांगायचं आणि महिनाअखेर कचेरीत येऊन आपण काय केलं ते कारकुनाला सांगायचं. तो कारकून मी. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधी वर्ध्याहून माझी गोंदियाला बदली झाली, आणि ही बदली म्हणजे कुणीतरी जाणूनबुजून दिलेली शिक्षा आहे अशी माझी खात्री होती. बाजारात हिंदी, खेड्यात झाडीबोली, कुठे पोवारी, कुठे गोंडी. माझं वर्ध्याचं मराठी ऐकून भाजीवाली माझ्याशी मुद्दाम हिंदीत बोलायची.

रुजू झालो त्याच आठवड्यात फुलचूरच्या रस्त्यानं चाललो होतो. समोरून एक सायकल आली. सायकलीवर माणूस नव्हता. ती आपली आपण डुलत डुलत आली, पुलाच्या कठड्याला धडकली आणि पडली. मी इकडेतिकडे बघतोय तोवर बाजूच्या नालीतून आवाज आला, "बाबू, तेवढी सायकल उचला. मी कामात हाय." नालीत एक गृहस्थ पालथे पडले होते. डोक्याला टॉवेल, कमरेला खुरपी, गुडघे चिखलात, आणि नाकापासून चार बोटांवर गवताचं एक ठोंब. चालत्या सायकलीवरून त्यांना ते दिसलं होतं आणि सायकल थांबवण्याइतका दम त्यांना निघाला नव्हता. मी वैतागून सायकल उचलली. ते वर आले, हातातलं पान माझ्या तोंडासमोर धरलं आणि नाव-गाव काही न विचारता म्हणाले, "चाटून पाहा." मी अर्थातच चाटलं नाही. पुढे बारा वर्षांत किती पानं चाटली त्याची गणती नाही.

डोमाजी चौथी शिकलेले. मूळचे देवरीकडचे, जंगलाच्या कडेच्या गावातले. शरीरानं काटकुळे, आवाज मात्र दोन शेतं ओलांडून जाणारा. अधिकाऱ्यांशी ते हिंदीत बोलत, माझ्याशी झाडीबोलीत आणि गवताशी पोवारीत, कारण आईशीही ते पोवारीतच बोलत. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. सही करायची तर दारातच एक पाय उंबऱ्यावर ठेवून, कागद मांडीवर घेऊन करत आणि त्या कागदात काय लिहिलंय ते कधीही वाचत नसत. "तुमी लिवलं ना बाबू, मंग बरोबरच असंन," म्हणून चालू लागत. त्यांच्या या विश्वासानं मला सुरुवातीला फार बरं वाटायचं. नंतर त्याच विश्वासानं माझी झोप उडवली, ते पुढे येईलच.

त्यांच्या घरी एकदा जेवायला गेलो तर बसायला खाट दिली. खाट कशी करकरत होती. त्यांची बायको सगुणावहिनी म्हणाल्या, "हळू बसा भाऊजी, खाली वर्तमानपत्र हाय." गादीखाली वीतभर उंच रद्दीचा थर होता आणि पानापानांत गवत दाबून ठेवलेलं. दुसरं वजन घरात नव्हतं म्हणून हे नवरा-बायको रोज रात्री त्यावर झोपत. पाहुणा आला की त्यालाही गवत दाबायच्या कामाला लावत. मी जेवून तासभर त्या खाटेवर पडलो तेव्हा डोमाजी फार खूश झाले. माझं वजन चांगलं होतं.

गवत ओळखायची त्यांची एक रीत होती, आणि ती शिकवायला त्यांना माणूस हवा असे. आधी पान आणि दांडी जिथे सुटतात तिथे अंगठ्याचं नख घालायचं. तिथे एक पातळ पापुद्रा असतो. त्याला ते जीभ म्हणत. काही गवतांना त्या जागी दोन बारीक आकडे असतात, ते कान. "धानाले जीभ बी असते, कान बी असते. निंदणाऱ्या बाया काय पाहून तण उपटते? कानच पाहून. त्याईले शाळा नाही लागली." मग पान चाटायचं. मग दांडी दाताखाली धरायची. आणि सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणून, खुरपी घालून मूळ काढायचं. मूळ पाहिल्याशिवाय नाव सांगायचं नाही, हा त्यांचा नेम. कुणी नुसती काडी तोडून आणली तर ते काडी हातातही घेत नसत. विचारत, "मूळ कुठं हाय?" हा प्रश्न ते मालगुजारांना, म्हणजे गावाच्या जमीनमालकांना विचारत, शाळामास्तरांना विचारत, एकदा तर खात्याच्या इन्स्पेक्टरांना विचारून त्यांनी शिव्या खाल्ल्या होत्या.

असा माणूस मूळ न पाहता बोलला तो आयुष्यात एकदाच, आणि ती गोष्ट मला सांगायची आहे.

नवेगाव बांधाच्या अलीकडे एक टोला होता. अकरा घरांची लहानशी वस्ती. टोल्याच्या वरच्या अंगाला जुनी बोडी, म्हणजे लहान तळं. त्याच्या पाळीखालून पाणी बारा महिने झिरपत राहायचं आणि खालचा पंधरा-वीस एकरांचा तुकडा कायम ओला असायचा. उन्हाळ्यात वरचं पाणी उडून जाई आणि जमिनीवर पांढरा खारट पापुद्रा धरे. तिथे धान होत नसे. होई ते एकच गवत, गुडघ्याच्या वर, निळसर हिरवं. वैशाखात सगळा मुलूख पिवळा पडला तरी तो तुकडा हिरवागार. जमीन मालगुजाराची असली तरी निस्ताराची होती, म्हणजे गावानं गुरं चारावीत, गवत कापावं, असा जुना हक्क होता. अकरा घरांची गुरं चैत्र-वैशाख त्याच गवतावर काढायची.

ते गवत हळूहळू खाली मालगुजाराच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, शिरलं. लहानपणी ते इतकं धानासारखं दिसे की रोवणीच्या घाईत बाया पऱ्ह्यांबरोबर, म्हणजे धानाच्या रोपांबरोबर, तेही रोवून मोकळ्या होत, आणि लोंब्या निसवण्याची वेळ आली की कळे. मालगुजाराच्या दिवाणजींनी कचेरीला अर्ज केला की हे काय गवत आहे आणि ते जातं कसं. डोमाजी गेले. श्रावणातला निंदणीचा दिवस होता. शेताच्या कडेला धुऱ्यावर उपटलेल्या तणाचा ढीग पडला होता. डोमाजींना त्या दिवशी आणखी दोन गावं करायची होती. ढिगातून त्यांनी एक ठोंब उचललं. चिखलातून मानेला धरून उपटलेलं, खाली केसांसारखी चार पांढरी मुळं. जीभ पाहिली, कान नाहीत हे पाहिलं, पान चाटलं, खारट लागलं. मुळं अशी कोवळी, म्हणजे यंदाच उगवलेलं, पावसाळ्याबरोबर संपणारं. निंदणाऱ्या बायांची मुकादम पारबताबाई होती. त्याच टोल्यातली विधवा, दोन म्हशी बाळगून होती. ती म्हणाली, "कामदार, हे मरत नाही. आमी दरसाल उपटतो." डोमाजी हसून पुढच्या गावाला गेले.

कचेरीत येऊन त्यांनी मला तोंडी मजकूर सांगितला आणि मी उतरवला. गवत एकसाली आहे, बियांनी पसरतं, फुलोऱ्याआधी एक चांगली नांगरट केली की नाहीसं होतं. शेवटी ते म्हणाले, "लिवा, मूळ खोदून पाहिलं नाही." मी लिहिलं. ते गेल्यावर पक्की प्रत करताना मला ती ओळ खुपू लागली. कामदार पाहणीला जातो आणि मूळ न पाहता येतो, हे कचेरीच्या कागदावर कसं दिसेल? मी ती ओळ गाळली. मजकूर कसा सुटसुटीत झाला. दुसऱ्या दिवशी डोमाजींनी दारात पाय ठेवून, मांडीवर कागद घेऊन, न वाचता सही केली आणि कागद मालगुजाराकडे गेला.

दीड वर्ष कुणाला त्याची आठवण नव्हती. मग एका फाल्गुनात पारबताबाई गोंदियाला आली. छोट्या लायनीच्या, अरुंद रुळांच्या गाडीनं आली आणि स्टेशनावरून विचारत विचारत थेट डोमाजींच्या दारात. मी तिथेच होतो. तिनं पाणीही घेतलं नाही. मालगुजारानं अर्ज केला होता की बोडीखालचा तुकडा निस्तारातून काढून आपल्याला धानासाठी द्यावा. जमीन चांगली आहे, वरचं तण एका नांगरटीत जातं, असं खुद्द शेतकी खात्यानं लिहून दिलंय. नागपूरहून साहेब वैशाखात जागा पाहायला येणार होते.

"तुमच्या कागदानं आमची चराई चालली, कामदार," ती म्हणाली. "मी तवाच सांगतलं होतं. तुमी बाईची गोष्ट कायले ऐकान?"

डोमाजी उठले. खुंटीवरची खुरपी काढली, कमरेला खोवली आणि तिच्याबरोबरच परतीच्या गाडीत बसले. कचेरीत रजेचा अर्ज नाही, काही नाही. मी त्यांच्या नावानं तापाचा अर्ज लिहिला.

चौथ्या दिवशी दुपारी मी कचेरीत एकटा होतो. बाहेर सायकल पडल्याचा आवाज झाला, म्हणजे डोमाजी आले हे कळलंच. आत आले ते नाचतच आले. डोळे लाल, दाढी वाढलेली, खांद्यावर ओलं पोतं. माझ्या टेबलावरचे कागद हातानं बाजूला ढकलून त्यांनी पोतं उपडं केलं. चिखलाचा हातभर खोल गड्डा आणि वर हिरवे फुटवे. शाईची दौत आडवी झाली. मी रागावणार होतो, पण त्यांचं तोंड पाहून विसरलो.

"बाबू, पाहा. हात लावा. पारबताबाईनं खोदलं, मी नाही. मी वरवर खोदून राहिलो होतो, ते म्हणे अजून खाली, अजून खाली." त्यांनी चिखल बोटांनी काढायला सुरुवात केली. खाली पेरापेरांच्या जाड दांड्या आडव्या गेल्या होत्या. त्यांना सालोसालचे मेलेले, तपकिरी खुंट चिकटलेले, एकावर एक. आणि त्यांतल्या खालच्या, जुन्या खुंटांच्या टोकांना काळं लागलं होतं. डोमाजींनी ते काळं बोटावर घेऊन माझ्या मनगटावर ओढलं. कोळसा. "गायक्यानं दोन उन्हाळे आधी हे जागा जाळली होती. त्याच्याबाद कोनीच जाळली नाही, मी साऱ्या टोल्याले इच्यारलं." गायकी म्हणजे गुराखी. "तवाचा जळलेला खुंट हा. आन् हा पाहा, याच्याच बुडातून आजचा हिरवा कोंब. तेच झाड, बाबू. जळून बी तेच. एका सालाचं नाही हे. हे माझ्या पोरापेक्षा जुनं असंन."

मलाही तोवर चढलं होतं. आम्ही दोघं सरकारी टेबलावर वाकून खुंट मोजत होतो. एक थर, दोन थर, तिसरा. मी, ज्याला गवत आणि कडबा यांतला फरक सांगता आला नसता, मोठमोठ्यानं आकडे म्हणत होतो. डोमाजींनी एक पान तोडून दिलं आणि मी न सांगता चाटलं. मीठ. स्पष्ट मीठ. जमिनीतलं खारं पाणी पिऊन हे गवत मीठ पानावाटे बाहेर टाकत होतं. मग ते थांबले आणि म्हणाले की नांगर घातला तर काय होईल ते अजून पाहायचं आहे.

ते त्यांनी घरी पाहिलं. दांडीचे बोटभर तुकडे केले, नांगरानं होतील तसे, आणि फुटक्या मडक्यात तोच खारा चिखल भरून त्यात पुरले. सगुणावहिनींना वाटलं आल्याची लागवड चाललीय. त्या रोज पाणी घालत आणि डोमाजी रोज सकाळ-संध्याकाळ उकिडवे बसून मडक्यात बघत. आठव्या दिवशी त्यांनी पोराला पळत कचेरीत पाठवलं की बाबूला बोलाव. एका तुकड्याला कोंब आला होता. बाराव्या दिवशी नऊ तुकड्यांपैकी सात हिरवे झाले होते. नांगर घातला असता तर एका ठोंबाची सात ठोंबं झाली असती आणि खालच्या बांध्याही गेल्या असत्या. वहिनींना आलं नाही हे कळलं तेव्हा त्या हिरमुसल्या, पण मडकं त्यांनी फेकलं नाही.

आनंद इथपर्यंतच होता, कारण त्याच सालात खात्यानं डोमाजींचं नाव सहायकाच्या जागेसाठी वर पाठवलं होतं. चौथी शिकलेल्या कामदाराला ही संधी पुन्हा येणार नव्हती. इन्स्पेक्टरांनी त्यांना बोलावून बजावलं की कागदावर जे दिलंय ते दिलंय, साहेबापुढे गप्प उभं राहायचं. वहिनींनी काही बजावलं नाही, पण दोन दिवस त्या नुसत्या चुलीपुढे बसून राहिल्या. गाळलेली ओळ मला एकट्याला ठाऊक होती. ती कागदावर असती तर मालगुजाराला तो कागद पुढे करताच आला नसता.

वैशाखात आम्ही निघालो. नोंदी घ्यायला कारकून लागतो म्हणून मीही. गाडीत डोमाजींच्या मांडीवर मडकं. तिकीट तपासनीसानं हे काय विचारलं तर त्यांनी जीभ, कान, मूळ सगळं समजावलं आणि शेवटी त्यालाही चाटायला लावलं. उतरेपर्यंत अर्धा डबा गवत चाटून बसला होता. भीती वगैरे त्यांना काही वाटत होती की नाही कोण जाणे. मला मात्र वाटत होती.

बोडीखाली मालगुजाराची माणसं, टोल्यातली अकरा घरं, साहेबांसाठी एक खुर्ची. साहेब नागपूरचे, शांत स्वभावाचे. बुटांना चिखल लागू नये म्हणून फळी टाकली होती. दिवाणजींनी तो कागद खड्या आवाजात वाचला. माझंच अक्षर, माझाच सुटसुटीत मजकूर. वाचन संपलं तेव्हा डोमाजींनी मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं. शेवटची ओळ आली नव्हती. मी खाली बघितलं.

साहेबांनी विचारलं, ही सही तुमची? साहेबलोकांशी डोमाजी हिंदीत बोलायचे, पण त्या दिवशी हिंदी त्यांच्या तोंडी आली नाही. "सही माझीच हाय, साहेब. आन् त्याच्यात लिवलेलं चूक हाय. मी मूळ पाहिलं नव्हतं."

इन्स्पेक्टरांनी डोळे मिटले. डोमाजींनी पारबताबाईला पुढे बोलावलं आणि तिनं सगळ्यांसमोर नवा गड्डा खोदला. आधी हेरून ठेवलेला नव्हता, साहेबांनी छडीनं दाखवला तो. चिखल काढला. आडव्या दांड्या, जुने खुंट, टोकाला कोळसा, बुडातून हिरवा कोंब. दिवाणजी म्हणाले, एखादं असं असेल. साहेबांनी दुसरा दाखवला. तोही तसाच. मग मडकं पुढे आलं. साहेब खुर्चीवरून उठले, फळीवरून खाली उतरले आणि बुटांसकट चिखलात उकिडवे बसले. डोमाजींना तेवढंच हवं होतं. त्यांनी एक पान तोडलं आणि अख्ख्या गावासमोर साहेबांच्या तोंडापुढे धरलं. "चाटून पाहा."

साहेबांनी चाटलं. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि मागून अकरा घरं एकदम हसली. साहेबही हसले. त्यांनी त्या गवताचं लांबलचक लॅटिन नाव सांगितलं. कॉलेजात शिकलो होतो पण खाऱ्या जमिनीवर उभं कधी पाहिलं नव्हतं, म्हणाले. डोमाजींनी ते नाव तीनदा म्हणून घेतलं आणि चौथ्यांदा पार चुकवलं. तुकडा निस्तारातच राहील, असं साहेबांनी तिथेच मला लिहायला सांगितलं. पारबताबाई खुरपी धुऊन आपल्या म्हशींकडे गेली. जाताना तिनं डोमाजींना एवढंच विचारलं की पुढच्या खेपेला आधी कोनाले इच्याराल, आणि ते म्हणाले, तुमाले. पुढे कोणत्याही गावात गेले की ते आधी निंदणाऱ्या बायांकडे जात, मग पाटलाकडे.

परतीच्या गाडीत त्यांनी स्टेशनावरची सगळी भजी घेतली आणि डबाभर वाटली. मी एकही खाल्लं नाही. शेवटी न राहवून सांगून टाकलं की ती ओळ मी गाळली होती. ते भजं चावत राहिले.

"दिवाणजीनं वाचलं तवाच समजलं," ते म्हणाले.

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"काय सांगू? मूळ पाहिलं नव्हतं, हे तं खरंच होतं ना. कागदावर असो का नसो." मग पुडा माझ्यापुढे धरून म्हणाले, "आन् सही करताना मी वाचलं नाही. खाऊन घ्या, थंडे होऊन राहिले."

सहायकाची जागा त्यांना मिळाली नाही. उलट बेजबाबदार अहवालाबद्दल ताकीद आली, आणि ती ताकीद त्यांच्या नावाच्या फाइलीत मला लावावी लागली. माझी चूक लिहून देतो, असं मी दोनदा म्हणालो आणि दोनदा त्यांनी मला दुसऱ्याच कुठल्या गवताकडे ओढून नेलं. खरं सांगायचं तर मी फारशी ओढाताण न करता गेलो. तो माझा भित्रेपणा मला अजून टोचतो. डोमाजी कामदार म्हणूनच रिटायर झाले आणि देवरीकडे पोराजवळ राहायला गेले.

देश स्वतंत्र झाला त्या सालच्या दिवाळीनंतर त्यांच्या पोराचं कार्ड आलं. बाबांची नजर पूर्ण गेली आहे, तब्येत बरी नाही, तुमची आठवण काढतात. येताना बोडीखालचं गवत घेऊन या, असं खाली डोमाजींनी लिहवून घेतलं होतं. मी तोवर हेडक्लार्क झालो होतो. देवरी एका दिशेला, टोला दुसऱ्या. टोल्याला जाऊन यायचं म्हणजे दोन दिवस मोडणार. फुलचूरच्या नालीत अगदी तसंच गवत उभं होतं, पहिल्या दिवशीच्या त्याच पुलापाशी. मी मूठभर कापलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि देवरीच्या मोटारीत बसलो. आंधळ्या माणसाला काय कळणार, असं मी मनात म्हटलं नाही, पण वागलो तसंच.

ते ओट्यावर बसले होते. फार वाळले होते. माझ्या पावलांवरूनच म्हणाले, "बाबू, वजन वाढवून राहिले." मी फडकं हातात दिलं. त्यांनी घाईघाईनं एक काडी काढली, अंगठ्याचं नख घातलं, जीभ चाचपली. मग पान तोंडात घातलं. मूठ चाचपत चाचपत त्यांची बोटं खाली गेली, मी विळ्यानं कापलेल्या जागेपर्यंत, आणि तिथे थांबली. ते रागावले नाहीत. अगदी सहज, इतर कुणालाही विचारत तसं त्यांनी विचारलं.

"मूळ कुठं हाय?"

मी वहाणाही नीट न घालता निघालो. रात्र गोंदियाच्या स्टेशनावर काढली, पहाटेची छोट्या लायनीची गाडी धरली आणि दुपारी टोल्यावर पोचलो. बोडीखालचा तुकडा हिरवागार होता आणि त्यात गुरं चरत होती. पारबताबाई म्हातारी झाली होती. कुणासाठी हवं ते कळल्यावर तिनं मला खुरपीला हात लावू दिला नाही. स्वतः बसून हातभर खोल गड्डा काढला, ओल्या पोत्यात बांधला आणि बजावलं, "चिखल झाडू नोको."

तिसऱ्या दिवशी देवरीला तो गड्डा मी डोमाजींच्या मांडीवर ठेवला. धोतर चिखलानं भरलं. सून काही म्हणायला आली आणि त्यांचं तोंड पाहून दारातच थांबली. त्यांची बोटं चिखलात शिरली, आडव्या दांड्यांवरून सरकली, खुंटांवर आली. ते मोठ्यानं मोजू लागले. हे यंदाचं, हे मांगचं, हे त्याच्या मांगचं, आणि प्रत्येक खुंटाला आवाज चढत गेला, तोच दोन शेतं ओलांडून जाणारा आवाज. शेजारची माणसं कुडाजवळ जमली. मग त्यांनी पान चाटलं आणि असे खळखळून हसले की मला त्यांच्या गादीखालची ती करकरणारी सगळी रद्दी आठवली. सुनेला चाटवलं, नातवाला चाटवलं, टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनला चाटवलं.

"बाबू, कागद काढा," ते म्हणाले. "लिवा. बोडीखालचं गवत सालोसाल जगणारं हाय. मूळ खोदून पाहिलं." मी लिहिलं. एकही शब्द गाळला नाही. कागद त्यांच्या मांडीवर दिला, बोटांत टाक दिला. टाक त्यांनी तसाच अधांतरी धरून ठेवला.

"आता आधी वाचून दाखवा," ते म्हणाले.

मी वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला त्यांनी मान हलवली, चिखलाच्या हातानं कागद चाचपला आणि सही केली. सही ओळीवरून खाली घसरली आणि शेजारी अंगठ्याचा चिखल उमटला. माझी मोटार लागली होती. मी वळणावरून मागे पाहिलं तेव्हा ते ओट्यावर गड्डा मांडीत घेऊन बसले होते आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणातरी अनोळखी माणसापुढे त्यांनी एक पान धरलं होतं. तो माणूस थांबला होता.